मॅडम, हे आधीच लिहायला हवं होतं

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

माझ्या चुलत बहिणीचं यंदा पीयूसी (म्हणजे बारावी) झालं. तिला बीएला इंग्रजी घ्यायचंय आणि माझ्या वेळी घरात जो वाद झाला होता, तोच परत सुरू झाला. "गोष्टी-कविता वाचून पोट भरतंय होय?" काकांनी हे मलाच विचारलं. मी तावातावाने बोलत सुटले, आणि बोलता बोलता जाणवलं की यातलं निम्मं बोलणं तुमचं आहे. म्हणून हे पत्र. चारचौघांत लिहितेय, कारण हा प्रश्न पडलेली घरं खानापूरपासून निपाणीपर्यंत पुष्कळ आहेत.

आम्ही मराठी माध्यमाची मुलं. इंग्रजी घेतलं ते बँकेच्या परीक्षेला उपयोगी पडेल म्हणून, आणि खरं सांगायचं तर गाईड मिळतं म्हणून. वर्गात निम्मी मुलं कन्नड माध्यमाची. ती खिडकीच्या बाजूला, आम्ही दाराच्या. असं बसा म्हणून बेळगावात कुणाला सांगावं लागत नाही. तुम्ही घरी कन्नड बोलणाऱ्या, आमच्याशी मात्र अस्सल बेळगावी मराठीत. आल्या आल्या तुम्ही सगळ्यांची गाईडं काढून घेतलीत (तेव्हा तुमच्या नावाने आम्ही काय काय बोललो ते इथे नको) आणि शेक्सपिअरचं 'किंग लिअर' हे नाटक उघडायला लावलंत.

म्हातारा राजा लिअर लेकींमध्ये राज्याची वाटणी करतो, एवढं सांगून तुम्ही थांबलात. "तुमच्यात कुणाच्या घरी वाटणी झालीय?" मग काय! येळ्ळूरचा एकजण जमिनीच्या उताऱ्यावर कुणाचं नाव चढलं, कुणाचं राहिलं ते सांगू लागला. बैलहोंगलच्या मुलीने आजोबांची हकीकत कन्नडात सांगितली, ती तुम्ही आम्हाला मराठीत सांगितलीत. तिचे आजोबा आणि आमचे आजोबा अगदी एकासारखे एक निघाले. मग दुसऱ्या अंकातली ती जागा. म्हाताऱ्या राजाजवळ शंभर स्वार आहेत. थोरली लेक म्हणते, पन्नास पुरे. मधली म्हणते, पंचवीस. मग थोरली परत म्हणते, पंचवीस तरी कशाला, दहा कशाला, पाच कशाला? आणि मधली म्हणते, एक तरी कशाला हवा? "नुसते आकडे वाचा," तुम्ही म्हणालात. "पोरी हिशेब बोलतायत, बाप माया बोलतोय. पण पहिल्या प्रवेशात मायेचं माप काढायला सुरुवात कुणी केली?" बापानेच की! माझ्यावर कोण किती माया करते ते सांगा, म्हणून वाटणीला त्यानेच सुरुवात केली होती. लेकींना वाईट ठरवून मोकळे झालेलो आम्ही परत पहिल्या पानावर गेलो. गाईडात तिथे 'कृतघ्नता' एवढा एक शब्द आणि त्याखाली दहा मार्कांचं उत्तर होतं.

परक्यांचं साहित्य कशाला, असं आमच्या बाबांनी विचारलं तेव्हा तुम्ही रागावला नाहीत. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्य हा पदवीचा स्वतंत्र विषय झाला १८९४ च्या सुमाराला, आणि आगरकरांनी 'हॅम्लेट' मराठीत आणलं १८८३ मध्ये, हे तुम्ही त्यांना सांगितलंत. जी. ए. कुलकर्णी आपल्याच जिल्ह्यातल्या एकसंब्याचे. धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचे आणि कथा मराठीत लिहायचे. ए. के. रामानुजन पन्नासच्या दशकात इथे बेळगावच्या लिंगराज कॉलेजात इंग्रजीचेच प्राध्यापक होते. घरची भाषा तमिळ, आणि पुढे कन्नड संतकवींची वचनं इंग्रजीत नेऊन त्यांनी ती जगभर पोचवली. बाबांना जी. एं.चं नाव ठाऊक होतं, तिथेच ते नरमले. मला वाटतं, सीमेवरच्या माणसाला या विषयाचा एक जास्तीचा फायदा आहे. मराठी म्हटलं की एक बाजू, कन्नड म्हटलं की दुसरी. शेक्सपिअरपुढे मात्र आम्ही दोघेही सारखेच पाहुणे होतो, अडखळायला कुणालाच लाज वाटत नव्हती.

आता पोटाचं. मी उद्यमबागेत एका कारखान्यात एक्स्पोर्टचा पत्रव्यवहार बघते. कास्टिंगचा माल बाहेर जातो. मध्ये एका परदेशी गिऱ्हाइकाचा मेल आला, अतिशय गोड: माल कधी निघेल ते सवडीने कळवलंत तर आभारी राहू. साहेब म्हणाले, निवांत आहे पार्टी. मी आधीचे मेल काढून दाखवले. पूर्वी हा माणूस सरळ नावाने हाक मारून दोन ओळी लिहायचा. आता 'महोदय' झालं होतं आणि कॉपीत त्याचे वरिष्ठ आले होते. रागावलेला माणूस असा सभ्य होतो, हे मला इंग्रजी कादंबऱ्यांनी शिकवलं, व्याकरणाने नाही. त्याच दिवशी आम्ही फोन केला आणि ऑर्डर टिकली.

पगाराचं काकांना खरं तेच सांगितलं. डिप्लोमा केलेली माझ्या बरोबरची मुलं माझ्याहून जास्त मिळवतात. सगळा अभ्यासक्रमही काही गोड नव्हता. जुन्या निबंधांचा तो पेपर मी आजही कुणाला सुचवणार नाही. आणि परीक्षेत पाठांतरालाच मार्क पडतात, हे तुम्हालाही खटकायचं. पण साहेब आता बाहेर जाणारं प्रत्येक पत्र आधी माझ्याकडे पाठवतात, हेही काकांना सांगितलं.

मॅडम, तुमच्या त्या तासांबद्दल, घरी येऊन बाबांशी बोललात त्याबद्दल आणि काढून घेतलेली गाईडं परत दिली नाहीत त्याबद्दल मनापासून आभार. बहिणीचा फॉर्म भरलाय. कन्नड तिचं माझ्याहून बरं आहे, इंग्रजी यथातथाच. दप्तर तेवढं पहिल्या दिवशी तपासून घ्या, गाईड तिने आधीच आणलंय.

आपली विद्यार्थिनी