बिनचावीची दुचाकी कितपत सुरक्षित?

महोदय,

जानेवारी 2023 मध्ये होंडाच्या ॲक्टिव्हाला ‘स्मार्ट की’ मिळाल्यापासून बिनचावीच्या दुचाकी आपल्याकडे रुळू लागल्या आहेत. खिशातल्या रिमोटचा संकेत जुळल्याखेरीज इमोबिलायझर इंजिन सुरूच होऊ देत नाही, त्यामुळे हँडल लॉक तोडून, वायरी जोडून गाडी पळवण्याचा जुना मार्ग बराचसा बंद होतो, हे मान्य. परंतु दोघातिघांनी गाडी उचलून टेम्पोत घातली, तर इमोबिलायझर काय करणार? तिथे गाडीला खांबासारख्या पक्क्या वस्तूशी जखडणारी साधी साखळी-कुलूपच उपयोगी पडते. शिवाय चोरीचा दावा करताना विमा कंपनी सहसा दोन्ही चाव्या मागते, तेव्हा हरवलेल्या रिमोटची नोंद पोलिसांत वेळीच करावी, एवढे तरी विक्रेत्यांनी गाडी ताब्यात देताना ग्राहकांना सांगावे.

– एक वाचक, पुणे