‘स्कॅन नॉर्मल’ आल्यावर पुढे काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सायकलवरून पडून डोके आपटले आणि सीटी स्कॅन नॉर्मल आला, की ‘मुका मार आहे, होईल बरे’ म्हणून मुलाला दुसऱ्याच दिवशी शाळेत धाडले जाते. सीटीत रक्तस्राव आणि कवटीचे फ्रॅक्चर दिसते. कन्कशनमध्ये, म्हणजे डोके आपटल्याने मेंदूला बसणाऱ्या धक्क्यात, मेंदू कवटीच्या आत हिंदकळतो, त्याचे तंतू ताणले जातात आणि पेशींतल्या क्षारांचा तोल बिघडतो. तो सावरण्यात पेशींची ऊर्जा खर्ची पडते. हे त्या फिल्मवर उमटत नाही. म्हणून डोकेदुखी, चक्कर, उजेड-आवाज सहन न होणे, वाचलेले लक्षात न राहणे ही लक्षणे स्कॅन स्वच्छ असूनही खरीच असतात. अशा मुलाला ‘अभ्यासाचा कंटाळा’ म्हणून ओरडणे अन्यायाचे आहे.

पहिले 48 तास घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहावेत. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका (फिट), हातापायात कमजोरी, डोळ्याची एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव, असंबद्ध बोलणे किंवा हाक मारूनही जाग न येणे, यांतले एकही दिसले तर 108 ला फोन करून थेट रुग्णालय गाठावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या ज्येष्ठांनी लक्षणांची वाट पाहू नये, लगेच तपासणी करून घ्यावी. शुद्ध हरपलेल्याला कांदा हुंगवू नये, तोंडात पाणी घालू नये. मान दुखत असेल तर उठवून बसवू नये.

‘डोक्याला लागलेल्याला झोपू देऊ नका’ हा सल्ला अजून ऐकू येतो. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवले असेल तर झोप हवीच. दुखण्यावर पॅरासिटामॉल पुरते. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन पहिले दोन दिवस नको, कारण त्यांनी रक्तस्रावाची शक्यता वाढते. मोबाइलही तेवढे दिवस बाजूला ठेवावा. दारू मात्र पूर्ण बरे वाटेपर्यंत नकोच.

मात्र अंधाऱ्या खोलीत पंधरा दिवस पडून राहणे हेही चूकच. 2022 मध्ये ॲमस्टरडॅमला खेळातील कन्कशनवर झालेल्या तज्ज्ञ परिषदेने एक-दोन दिवसांच्या सापेक्ष विश्रांतीनंतर हलके चालणे सुरू करायला सांगितले आहे. लक्षणांना 0 ते 10 गुण द्यावेत. चालताना ते दोनपेक्षा जास्त वाढले तर थांबावे, उद्या पुन्हा पाहावे. चाळिशीतल्या माणसाची नाडी सुरुवातीला मिनिटाला 100 च्या आसपास राहिली पाहिजे, म्हणजे चालता चालता गप्पा मारता येतात तेवढीच गती. बहुतेक प्रौढ दोन आठवड्यांत सावरतात, मुलांना चार आठवडेही लागतात.

शाळांना कळकळीची विनंती आहे. अर्धा दिवस, वीस-पंचवीस मिनिटांच्या वाचनानंतर थोडा विसावा, उन्हातल्या प्रार्थनेतून आणि पीटीतून सूट, चाचणी पुढे ढकलणे एवढे केले तरी मूल लवकर रुळते. पूर्ण वेळ शाळा झेपू लागल्यावरच मैदान.

सायकल सर्वांत शेवटी. आधी घरात स्थिर सायकल, कारण तिथे तोल सांभाळावा लागत नाही. रस्त्यावर उजवीकडे वळण्याआधी खांद्यावरून मागे पाहावे लागते. मान झटकन वळली की याच क्षणी गरगरते आणि हँडल वाकडे होते. म्हणून आधी खुर्चीत बसून हात लांब करावा, अंगठ्यावर नजर खिळवावी आणि मान डावी-उजवीकडे हलवावी. अंगठा धूसर झाला किंवा भोवळ आली तर रस्ता अजून दूर आहे. दहा दिवसांहून जास्त टिकली तर अशा चक्करेसाठी फिजिओथेरपीचे वेगळे व्यायाम असतात, तज्ज्ञांकडून शिकून घ्यावेत. या काळात प्रतिसाद मंदावलेला असतो. समोर रिक्षा आडवी आली तर ब्रेक उशिरा दाबला जातो आणि बऱ्या न झालेल्या मेंदूला दुसरा मार बसतो.

आणि पडताना डोक्यावर होते ते हेल्मेट पुन्हा घालू नये. आतला थर्माकोल एकदाच दबण्यासाठी असतो. बाहेरचे कवच धड दिसले तरी आतला थर चेपलेला असू शकतो. धाकट्या भावंडालाही ते देऊ नये.

– एक वाचक, पुणे
(मेंदूच्या दुखापतीनंतरच्या पुनर्वसन क्षेत्रात कार्यरत)