फुलदाणी आधी पालथी करायला शिकवणाऱ्या चाचांना

आदरणीय चाचा,

सलाम.

छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड इथले आम्ही काही काचसंग्राहक मिळून हे पत्र लिहितो आहोत, आणि ते सगळ्यांना वाचता यावं असं मुद्दाम उघडं लिहितो आहोत. जुन्या फुलदाण्या, वाडगे, अत्तरदाण्या यांच्याबद्दल या भागात आज जे नीट कळतं, त्यातलं बरंचसं तुमच्या दुकानाच्या ओट्यावर कळलेलं आहे. घेणारा असो की नुसता बघायला आलेला, तुम्ही वस्तू त्याच्या हातात दिलीत आणि काय बघायचं ते सांगितलंत. त्याचे हे आभार. तुमचं सांगणं नव्या लोकांपर्यंत पोचावं म्हणून तपशीलही इथेच मांडतो.

सगळ्यांत मोठं ऋण आहे ते पांढऱ्या थराबद्दलचं. आपल्याकडे बोअरचं पाणी जड. फुलदाणीत पाणी राहिलं, आटलं, पुन्हा भरलं की आत पांढरा थर धरतो. वाड्यातून निघालेली बहुतेक काच अशीच धुरकट असते आणि लोक ती दिसताच तेजाब, नाहीतर घासणी उचलतात. पांढरेपणा एका जातीचा नसतो, हे तुम्ही आधी सांगितलंत.

पहिला प्रकार साध्या क्षाराचा. बोटाला खरखरीत लागतो, व्हिनेगरचा थेंब टाकला की बारीक बुडबुडे येतात. हा निघतो. पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी, दोन्ही घरातल्या हवेइतकंच कोमट, थराच्या वरपर्यंत भरून दोन-तीन तास ठेवायचं. थर जाड असेल तर ओतून टाकून ताजं भरायचं, पण जोर लावायचा नाही. मग तार झाकलेला मऊ ब्रश, आणि शेवटची धुणी बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्याची. शेवटी पुन्हा बोअरचंच पाणी वापरलं तर वाळताना नवे डाग पडतात. अरुंद गळ्यात तांदूळ किंवा वाळू घालून खळखळवण्याची जुनी रीत तुम्ही बंद करायला लावलीत. त्याने क्षार निघतो खरा, पण आतून ओरखडे पडतात आणि ते कायमचे.

दुसरा प्रकार म्हणजे काचच आजारी पडलेली. वर्षानुवर्षं साचलेल्या ओलीने काचेतला सोडा बाहेर पडतो आणि पृष्ठभाग खात जातो. ओली असताना काच स्वच्छ दिसते, वाळली की धुकं परत येतं. व्हिनेगरने काहीही फरक पडत नाही, कारण वर बसलेलं असं काही नसतंच, पृष्ठभागच गेलेला असतो. काही विक्रेते इथे आतून तेलाचा हात फिरवतात आणि काच लखलखते. म्हणून तुमचा नियम: घेण्याआधी साबणाच्या पाण्याने धुवायची, पूर्ण वाळवायची, मगच बोलणी. धुवायला नकार मिळाला तर वस्तू तिथेच ठेवायची. या एका नियमाने कितीतरी लोकांचे पैसे वाचले आहेत.

तिसरा प्रकार कमी दिसतो, पण धोक्याचा. पावसाळ्यात काच चिकट, बुळबुळीत लागते, तिच्यावर बारीक थेंब येतात, आणि पुढे जाळीसारख्या सूक्ष्म चिरा पडतात. अशी वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करणं म्हणजे तिला मारणं. डिस्टिल्ड पाण्याने धुऊन, मऊ सुती कापडाने टिपून, हवा खेळती राहील अशा कपाटात ठेवायची. उन्हाळ्यात कूलरच्या झोतासमोर किंवा खिडकीच्या उन्हात नको. ओल आणि कोरडेपणा यांचा झपाट्याने होणारा बदल तिला सोसत नाही.

सोन्याचं काम, मीनाकारी आणि इंद्रधनुषी झाक असलेल्या काचेला मात्र यातलं काहीच करायचं नाही. सोनं आणि मीना कमी आचेवर बसवलेले असतात, आम्लाने सैल होतात. झाक तर इतकी पातळ असते की नुसत्या घासण्यानेही जाते. आणि कोणतीही काच उन्हात तापलेल्या कपाटातून काढून माठाच्या पाण्याखाली धरायची नाही. दोन रंगांचे थर चढवलेल्या काचेत आधीच ताण असतो, ती तिथेच तडकते.

ओळख पटवण्याबाबत तुमचा क्रम आम्ही आजही मोडत नाही: आधी बूड, मग काठ, मग अंग, सही सगळ्यांत शेवटी. बुडाच्या टेकणाऱ्या कडेवर जुनी झीज असते, तिचे ओरखडे वेगवेगळ्या दिशांचे असतात. पॉलिश पेपरने आणलेली झीज एकाच दिशेची, सारखी, आणि जिथे बूड जमिनीला टेकतच नाही त्या खोलगटातही पोचलेली. मधोमध सळईची तुटकी खूण असेल तर काच हाताने फुगवून सळईवर धरलेली. ती खूण घासून गुळगुळीत केलेलीही असते, त्यामुळे ती नसली म्हणून वस्तू नवी ठरत नाही. मूळ काठ बहुधा आगीवर वितळवून गोल केलेला असतो. सपाट आणि आतून धारदार लागला तर टवका उडाल्यावर काठ घासून उतरवला असण्याची शक्यता मोठी. मग उंचीचं प्रमाण बघायचं.

तडा शोधायला अंधारी खोली आणि आत सोडलेला टॉर्च. टिचकीच्या आवाजावर भिस्त ठेवू नका, असं तुम्ही बजावलंत ते बरं केलंत: शिसं असलेली काच खणखणते, साधी सोडा काच न तडकताही बोदीच वाजते.

सहीच्या बाबतीत फार मोठी फसवणूक एमिल गाले या फ्रेंच काच-कलावंताच्या नावाने होते. गाले 1904 मध्ये गेले. त्यानंतर फ्रान्समधल्या नॅन्सीच्या त्यांच्या कारखान्यातल्या मालावर काही काळ सहीसोबत चांदणी येत असे. आज बाजारात फिरणाऱ्या नव्या रोमानियन नकलांवर सहीजवळ ‘टिप’ (TIP, रोमानियन भाषेत ‘प्रकार’) अशी अक्षरं असतात, आणि पुष्कळदा ती घासून टाकलेली असतात. म्हणून सहीशेजारी बोट फिरवून खळगा लागतो का ते बघायचं. बोहेमियातल्या (आजच्या चेक देशातल्या) लोएट्झ या कारखान्याचं उलटं: त्यांच्या पुष्कळ अस्सल वस्तूंवर सहीच नसते आणि नंतर कुणीतरी कोरलेली असते. तिथे सही दिसली तर शंका वाढायला हवी.

युरेनियम घालून रंगवलेली काच ओळखायला 395 नॅनोमीटरचा स्वस्त अतिनील (यूव्ही) टॉर्च चालतो, झगझगीत हिरवी चमक येते. 365 च्या टॉर्चखाली मँगनीजची काचही मंद हिरवी दिसते, म्हणून दोन्हीखाली बघून ठरवायचं. त्याच उजेडात रेझिन भरून बुजवलेला टवका बहुधा वेगळा, दुधट उठून दिसतो. युरेनियमची काच कपाटात खुशाल ठेवावी, तिच्यात लोणचं-दही वाढू नये.

एका गोष्टीसाठी तुमचे वेगळे आभार मानायलाच हवेत. निजामाच्या काळातल्या जहागीरदारांच्या वाड्यांतून आलेली परदेशी काच सगळ्यांनाच हवी असते. तुम्ही तिच्याच फळीवर आपली देशी काचही मांडलीत. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा पैसा जमवून उभ्या केलेल्या फंडातून 1908 मध्ये तळेगावला निघालेला कारखाना, फिरोझाबादचे जैन ग्लास वर्क्स, यांचा माल लोक ‘स्वस्तातली काच’ म्हणून भंगारात घालत होते. जैनच्या केशरी झाकेच्या, मासा किंवा हत्तीच्या आकाराच्या फुलदाण्या आज परदेशातले संग्राहक शोधत असतात. त्या साच्यात फुगवलेल्या, पातळ आणि हलक्या असतात. जाड, जड निघाली तर पुन्हा तपासायची, हेही तुमचंच.

ठेवण्याचं थोडक्यात. वाडगा काठाला धरून उचलायचा नाही, दोन्ही हात बुडाखाली. नेताना आधी धुतलेलं सुती कापड, मग वाकळ. गळ्यात कागद ठासून भरायचा नाही. हिंगोली-वसमतकडे जमीन अधूनमधून हादरते, म्हणून बुडाखाली तीन ठिकाणी ज्वारीच्या दाण्याएवढं मायक्रोक्रिस्टलाइन मेण लावावं. काढताना सरळ ओढू नये, हलकेच फिरवून सोडवावी. जुना कागदी लेबल कितीही मळका असला तरी खरवडायचा नाही.

आणि परदेशातल्या नातलगांना भेट पाठवणाऱ्यांसाठी, जे तुम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगता: 1972 च्या कायद्याने 100 वर्षं किंवा त्याहून जुनी कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. हे सांगितल्यामुळे तुमचे सौदे मोडले, तरी तुम्ही सांगत राहिलात. तडा असलेली वस्तू तडा दाखवूनच विकलीत. चाचा, त्या भरवशावर आम्ही आमचे संग्रह उभे केले. मनापासून आभार.

आपले,
मराठवाड्यातले काचसंग्राहक