हेकानख्तची पत्रे आम्हाला वाचून दाखवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सादर प्रणाम.

आपण शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली असली, तरी आमच्या वाचक मंडळात वयाने आपल्याहून मोठी असलेली माणसेही आपल्याला 'बाई' म्हणूनच हाक मारतात, म्हणून मीही तेच संबोधन ठेवले आहे. हे पत्र घरी येऊन हाती देण्याऐवजी सर्वांसमोर लिहीत आहे, कारण आपण केलेली मदत माझ्या एकटीपुरती नव्हती. अगाथा ख्रिस्ती यांच्या 'डेथ कम्स ॲज दि एंड' या कादंबरीवर त्या संध्याकाळी ज्यांनी ज्यांनी मत दिले, त्या प्रत्येकाला आपण ते मत पुन्हा एकदा तपासून पाहण्याचे साधन दिलेत, आणि त्याबद्दलचे आभार सर्वांच्या कानावर जावेत असे मला मनापासून वाटते.

1944 साली अमेरिकेत आणि पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेली ही कादंबरी इसवी सनापूर्वी सुमारे 2000 च्या काळात, इजिप्तमधील थीब्ज येथे नाईलच्या पश्चिम तीरावर घडते. पती वारल्यावर लहान मुलीला घेऊन माहेरी परतलेली रेनिसेन्ब, तिचा बाप इम्होतेप, त्याचे तीन मुलगे, दोन सुना, वृद्ध आई एसा, आणि उत्तरेकडून त्याने आणलेली तरुण रखेल नोफ्रेत, एवढ्या माणसांच्या घरात मृत्यू शिरतो आणि एकामागून एक बळी घेत राहतो. या पुस्तकावर आलेली लेखी मते एकत्र करून त्यांचा सारांश लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. बहुतेक कागदांवर एकच तक्रार निरनिराळ्या शब्दांत लिहिलेली होती: हा इजिप्त खरा नाही, एखाद्या इंग्रजी घरातील भाऊबंदकीला तागाची वस्त्रे नेसवून नाईलकाठी बसवले आहे. पुराव्यादाखल काहींनी लेखिकेचीच टीप पुढे केली होती, कारण स्थळ आणि काळ या कथेला आनुषंगिक आहेत, ही कथा कोठेही आणि केव्हाही घडू शकली असती, असे तिने स्वतःच आरंभी सांगून ठेवले आहे. मलाही ते पटले होते, आणि माझ्या सारांशाचा पहिला परिच्छेद मी त्याच निकालाने सुरू केला होता.

आपण तो कच्चा मसुदा शांतपणे वाचलात आणि एवढेच म्हणालात की त्या टिपेतले वाक्य अर्ध्यावर तोडू नये. पुढच्या अर्ध्या भागात लेखिका सांगते की पात्रे आणि कथानक या दोन्हींची प्रेरणा तिला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या मोहिमेला लक्सरसमोरच्या एका खडकात कोरलेल्या थडग्यात सापडलेल्या दोन-तीन पत्रांतून मिळाली. हे वाक्य मी वाचले होते, परंतु त्यापुढे जाऊन ती पत्रे पाहावीत असे मला सुचले नव्हते. दुसऱ्या दिवशी आपण आपली वही माझ्या हाती ठेवलीत, जिच्यात आपण कित्येक वर्षांपूर्वी त्या पत्रांचे मराठी भाषांतर स्वतःसाठी करून ठेवले होते, आणि पुढच्या बैठकीत तीच वही आपण दीड तास आम्हाला वाचून दाखवलीत.

तो दीड तास मी विसरणार नाही. हर्बर्ट विनलॉक यांच्या मोहिमेला 1921-22 च्या हंगामात हेकानख्तची ही पत्रे मिळाली, त्यांतील एक तर घडी घालून, मोहोर लावून, न उघडलेल्या स्थितीत होते, हे ऐकतानाच सभागृहात शांतता पसरली. हेकानख्त हा इपी नावाच्या वजिराच्या 'का'ची, म्हणजे मृत्यूनंतरही नैवेद्य घेणाऱ्या आत्म्याची, सेवा करणारा पुरोहित होता. म्हणजे मृताला नित्य नैवेद्य मिळावा यासाठी राखलेल्या उत्पन्नावर त्याचे घर चालत असे. तो कामानिमित्त दूर गेला आहे, पुराचे पाणी कमी आल्याने टंचाई आहे, आणि घरी राहिलेल्या माणसांना तो कोणती जमीन खंडाने घ्यावी, कोणाला किती धान्य द्यावे, हे माणसागणिक लिहून कळवतो. घरची माणसे नवे, चांगले जव खात असताना मला मात्र जुने वाळलेले जव पाठवले, म्हणून तो रागावतो. धाकट्या स्नेफ्रूला हवे ते द्या, असे पुन्हा पुन्हा बजावतो. स्वतःच्या घरातील स्त्रीशी वाईट वागणाऱ्या मोलकरणीला घराबाहेर काढा, अशी आज्ञा तो घरचा कारभार पाहणाऱ्या मेरिसूला करतो, आणि मग त्याच पत्रात आईला नमस्कार कळवतो. आपण हा भाग वाचलात तेव्हा, 'इंग्रजी घर' असे लिहिणाऱ्या आमच्या एका सदस्याने आपला कागद परत मागून घेतला, हे आपल्या लक्षात आले असेल.

कादंबरीतला लाडावलेला धाकटा इपी, थोरल्या मुलाच्या माथी पडलेली सारी जबाबदारी, परगावी गेलेल्या बापाच्या पत्राने घरात माजणारी खळबळ आणि रखेलीवरून पेटणारे भांडण, हे सारे त्या पपायरसांमध्ये, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या त्या कागदांमध्ये, बीजरूपाने आहे. खून मात्र नाहीत. पत्रांच्या पलीकडे त्या घराचे पुढे काय झाले ते कोणालाच ठाऊक नाही, आणि कादंबरीकाराने त्या अज्ञात जागेत आपली कथा उभी केली, असे आपण सांगितलेत. मला वाटते, या पुस्तकाविषयी मी आजवर ऐकलेले सर्वांत न्याय्य वाक्य हेच आहे.

मृतांना लिहिलेल्या पत्राचा प्रसंगही आपण असाच उलगडून दाखवलात. नोफ्रेतच्या आत्म्याच्या भीतीने घरातील माणसे इम्होतेपच्या दिवंगत पत्नीला पत्र लिहून तिची मदत मागतात, हे अनेकांना रचलेले आणि नाटकी वाटले होते. परंतु अशी पत्रे इजिप्तमध्ये खरोखर लिहिली जात असत, काही पपायरसवर तर काही थेट नैवेद्याच्या वाडग्यांवर, म्हणजे अन्न घेण्यासाठी येणाऱ्या मृताच्या दृष्टीस ती पडावीत, आणि ॲलन गार्डिनर व कुर्ट झेटे यांनी 1928 साली अशा पत्रांचा संग्रह प्रसिद्ध केला, हे आपण सांगेपर्यंत आमच्यापैकी कोणालाही माहीत नव्हते. आमच्यातील एकाने लगेच पितृपक्षाचा उल्लेख केला. आपण त्याला खोडून काढले नाही, मात्र श्राद्धात आपण पितरांना संतुष्ट करतो आणि येथे माणूस मृताकडे न्यायासाठी दाद मागतो आहे, हा फरक आधी नीट पाहावा, असे सुचवलेत.

प्रकरणांच्या शीर्षकांत येणाऱ्या पूर, हिवाळा आणि उन्हाळा या ऋतूंच्या तारखा मी केवळ सजावट समजत होते. प्रत्येकी 30 दिवसांच्या चार महिन्यांचे तीन ऋतू आणि वर्षअखेरीस पाच जादा दिवस, असे हे 365 दिवसांचे वर्ष लीप वर्षाअभावी खऱ्या पुरापासून हळूहळू सरकत जाते. लेखिकेने वाचकाच्या सोयीसाठी अधिकृत पंचांग बाजूला ठेवून शेतीच्या वर्षाप्रमाणे तारखा दिल्या, हेही आपणच दाखवून दिलेत.

आभार मानताना एक गोष्ट मला विशेषत्वाने नोंदवायची आहे. आपण पुस्तकाची वकिली केली नाहीत. संशयितच एकेक करून मरत गेल्यामुळे खुनी ओळखणे शेवटी सोपे होते, हा आक्षेप आपण मान्य केलात. घरचा लेखनिक होरी आणि रेनिसेन्ब यांच्या संभाषणांत विसाव्या शतकातील मनाचा आवाज ऐकू येतो, हेही आपल्याला मान्य होते. ज्यांना शेवट पटला नव्हता त्यांना तर आपण सांगितलेत की ही कल्पना मुळात सुचवणारे इजिप्ततज्ज्ञ स्टीफन ग्लॅनव्हिल यांच्या आग्रहावरून ख्रिस्ती यांनी उलगड्यातील एक गोष्ट बदलली होती आणि पुढे आत्मचरित्रात त्याबद्दल खंत व्यक्त केली होती. त्यामुळे नापसंती नोंदवलेल्या वाचकांनाही आपल्यासमोर आपले मत लपवावेसे वाटले नाही, आणि माझ्या हाती आलेल्या सुधारित मतांपैकी काही तर पहिल्यापेक्षा अधिक कठोर आहेत. मात्र आता ती पुस्तकात खरोखर जे आहे त्याविषयी बोलतात.

मी सारांशाचा पहिला परिच्छेद काढून टाकला आहे. त्या जागी हेकानख्तच्या वाळलेल्या जवाची तक्रार आली आहे, आणि 'हा इजिप्त खरा नाही' हे मत, ज्यांनी ते अजूनही कायम ठेवले आहे त्यांच्या कारणांसह, नंतर येते. आपण इतक्या परिश्रमाने केलेले भाषांतर मला निःशंकपणे वापरू दिलेत, माझी चूक चारचौघांत न सांगता एकांतात सांगितलीत, याबद्दल मी आपली अत्यंत ऋणी आहे.

वही मी पुठ्ठा घालून जपून ठेवली असून येत्या बैठकीला सोबत आणीन. त्यात हेकानख्तच्या घरातील त्या स्त्रीसाठी आपण 'उपपत्नी' हा शब्द योजला आहे आणि शेजारी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून 'की दुसरी पत्नी?' असे लिहिले आहे. अभ्यासकांतही यावर एकमत नाही, असे आपण म्हणाला होतात. मी सारांशात तूर्त दोन्ही शब्द ठेवले आहेत. त्यांपैकी कोणता राहावा, की दोन्ही राहावेत, हे आपल्याला विचारूनच मी अंतिम प्रत करीन.

आपली कृतज्ञ,
मंडळातील एक वाचक