गुडघ्यांची चौकशी

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता आणि माझं एकही उत्तर धड पुरं होत नाही, म्हणून लिहायलाच बसले. बाबांचा प्रश्न जुनाच: या वयात एकवीस किलोमीटर पळायचं कशाला, आणि गुडघ्यांचं काय? आईचा प्रश्न मात्र नवा, आणि तोही बाबा खोलीबाहेर गेल्यावर हळूच विचारलेला: "मला जमेल का गं?" (बाबा, आता तुम्हालाही कळलं. कधीतरी कळणारच होतं.) आईचं उत्तर लांबलचक आहे, म्हणून आधी तुमचं उरकते.

बाबा, तुमचा हिशेब असा की गुडघा ठरावीक किलोमीटरांसाठीच बनलेला असतो आणि पळणारा माणूस ते लवकर संपवून बसतो. पण गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, जिवंत असते. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. भार आला की ती दाबली जाते, भार गेला की भोवतालचा द्रव पुन्हा शोषून घेते, आणि याच दाबण्या-सुटण्यातून तिचं पोषण होतं. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा हौसेनं धावणाऱ्यांमध्ये गुडघ्याचा किंवा खुब्याचा झिजेचा संधिवात ३.५ टक्के लोकांत दिसला आणि बैठं आयुष्य असणाऱ्यांमध्ये १०.२ टक्के लोकांत. अव्वल दर्जाच्या स्पर्धकांत मात्र १३.३ टक्के. म्हणजे तुमची भीती खोटी नाही, फक्त ती माझ्या वाट्याची नाही. तुम्ही लगेच म्हणाल, ज्यांचे गुडघे दुखतात ते पळणं सोडून देतात, त्यामुळे हे आकडे तसेही पळणाऱ्यांच्या बाजूनं झुकणार. मान्य. पण ते झुकणं काढून टाकलं तरी "पळाल तर गुडघे जातील" असं त्यातून निघत नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या फॉरवर्डची. कुठे कोणी शर्यतीत कोसळलं की ती बातमी सूर्य उगवायच्या आत माझ्या फोनवर असते. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात हाफ (२१ किलोमीटर) आणि फुल (४२ किलोमीटर) मॅरेथॉन धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख जणांची नोंद तपासली गेली. त्यांपैकी ५९ जणांचं हृदय धावताना किंवा धावून संपल्यावर बंद पडलं आणि ४२ जण गेले. कारणं पाहिली तर बहुतेकांना आधीपासून हृदयाचा काही ना काही विकार होता, काहींना तो असल्याची कल्पनाच नव्हती. म्हणून मी डॉक्टरांना दाखवून आले आहे आणि म्हणूनच छातीत दाब, चक्कर, किंवा नेहमीपेक्षा वेगळीच धाप यांतलं काहीही जाणवलं तर तिथेच थांबायचं, हे मी स्वतःशी पक्कं ठरवलेलं आहे. "आता फक्त एकच किलोमीटर राहिला" हे वाक्य तिथे चालत नाही.

आता आई, तू.

पळायला लागणाऱ्या माणसाची पहिली अडचण दम ही असते, आणि सगळे त्यालाच घाबरतात. खरं तर दम फार लवकर सुधारतो. नियमित पळायला लागलं की थोड्याच दिवसांत रक्तातल्या द्रवाचं प्रमाण वाढतं, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं, आणि महिन्याभरात जिना चढताना फरक कळतो. घोटाळा इथूनच सुरू होतो. टाचेमागची जाड कंडरा, तळपायाचे बंध, नडगीचं हाड यांना दमाचा वेग झेपत नाही. त्यांना बदलायला महिने लागतात. हाड तर आधी जुना भाग खातं आणि मग नवा भरतं. मधल्या काळात ते उलट थोडं कच्चं असतं. धावताना दर पावलाला वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पडतो आणि अर्ध्या तासात साडेचार-पाच हजार पावलं होतात. श्वास म्हणतो "अजून चल", आणि नडगी काहीच म्हणत नाही. ती बोलते तीन आठवड्यांनी, तेही एकदम. नव्यानं पळणाऱ्यांची दुखणी दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात निघतात ती यामुळे: अगदी तेव्हाच, जेव्हा माणसाला वाटायला लागतं की आता आपल्याला जमलं.

म्हणून माझं सगळं पळणं सर्वांत सावकाश तयार होणाऱ्या भागाच्या तालावर चालतं. आठवड्यातले बहुतेक दिवस मी इतकी हळू धावते की शेजारून भराभर चालणारे लोक माझ्याकडे करुणेनं बघतात. कसोटी एकच: पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त झाला. यात लाजण्यासारखं काही नाही; ऑलिम्पिकमध्ये पदकं मिळवणारेही आठवड्यातला मोठा भाग स्वतःच्या मानानं सावकाशच धावतात.

बाबांना आर्थर लिडियार्ड हे नाव आवडेल. न्यूझीलंडचे प्रशिक्षक. त्यांचे दोन धावपटू, पीटर स्नेल आणि मरे हॅलबर्ग, १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये एकाच दिवशी सुवर्णपदकं घेऊन आले, तेही महिनोन् महिने लांब आणि संथ पळण्याचा पाया घालून. त्याच पद्धतीनं लिडियार्ड यांनी मध्यमवयीन आणि हृदयविकारातून उठलेल्या लोकांनाही संथ पळायला लावलं. १९६२ च्या अखेरीला अमेरिकेचे नामांकित प्रशिक्षक बिल बॉवरमन त्यांच्याकडे गेले होते. पन्नाशीत असलेले बॉवरमन त्या गटाबरोबर पळायला निघाले आणि मागे पडले. त्यांच्या सोबतीला जो मागे थांबला तो सत्तरी ओलांडलेला गृहस्थ होता, हृदयविकाराचे झटके पचवलेला, आणि तो गप्पा मारत पळत होता. बॉवरमन यांना उत्तर द्यायला श्वास पुरत नव्हता.

आई, तुझ्यासाठी मी जो आराखडा धरला आहे तो मुळात एका मुलानं आईला डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे. जॉश क्लार्क नावाच्या तरुणानं १९९६ मध्ये तो लिहिला, तेव्हा त्याला आपल्या पन्नाशीतल्या आईलाही पळायला लावायचं होतं. आठवड्यातून तीन दिवस, नऊ आठवडे. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं भरभर चालायचं. मग साठ सेकंद हळू पळायचं, नव्वद सेकंद चालायचं, असं वीस मिनिटं. पुढे पळण्याचे तुकडे मोठे होत जातात आणि शेवटी सलग अर्धा तास पळता येतं. आता यात माझी भर: नऊ आठवड्यांचं बंधन तू मुळीच मानू नकोस. जो आठवडा जड गेला तो पुन्हा कर, हवा तर तीनदा कर. सतरा आठवडे लागले तरी कोणी विचारत नाही. आणि दोन पळण्यांमधला मोकळा दिवस अजिबात खाऊ नकोस. नडगीचं काम त्याच दिवशी होतं.

चालण्याचे तुकडे तू "मध्येच थांबले" म्हणून मोजशील, हे मला माहीत आहे. तसं नाही. दमल्यावर चालायचं नसतं, दमायच्या आधी चालायचं असतं. १९७२ च्या ऑलिम्पिकमध्ये धावलेले जेफ गॅलोवे सर्वसामान्य लोकांना हेच शिकवत आले, आणि पहिल्या मिनिटापासून अधूनमधून चालत मॅरेथॉन पुरी करणारे हजारो आहेत. मीही लांबच्या पळण्यात चालते, ठरवून.

काय दुखलं तर चालेल आणि काय नाही, हेही सांगते. दुसऱ्या दिवशी दोन्ही मांड्या, दोन्ही पोटऱ्या सारख्या अवघडल्या, खुर्चीतून उठताना तोंडातून "आई गं" निघालं, तर काळजी नाही. दोन-तीन दिवसांत जातं. दुखणं एकाच पायात असेल, बोट ठेवून दाखवता येत असेल, पळताना वाढत असेल किंवा रात्री झोपेतही ठसठसत असेल, तर पळणं बंद आणि मला फोन. मग डॉक्टर. बाम चोळून "बघू उद्या" म्हणायचं नाही.

तू म्हणालीस की आमच्या वेळी बायका कुठे पळत होत्या. कारण पळू देत नव्हते. १९२८ मध्ये बायका ऑलिम्पिकमध्ये ८०० मीटर धावल्या, शर्यत संपल्यावर काही जणी जमिनीवर बसल्या किंवा आडव्या झाल्या, वर्तमानपत्रांनी त्याचा तमाशा केला आणि ती शर्यत थेट १९६० पर्यंत बंद राहिली. पुरुषही शर्यतीनंतर आडवे होतातच, पण त्याची बातमी होत नाही. तू कॉलेजात होतीस तेव्हा ऑलिम्पिकमध्ये बायकांची मॅरेथॉन नव्हतीच. पहिली झाली १९८४ मध्ये, लॉस एंजेलिसला, आणि जोन बेनॉइटनं ती २ तास २४ मिनिटं ५२ सेकंदांत जिंकली. तेव्हा तुझ्या वेळी बायका पळत नव्हत्या यात तुझ्या पायांचा काही दोष नाही.

माझ्या एकवीस किलोमीटरबद्दल फार नाही, थोडंच. अंतर वाढवायचं म्हणजे रोज थोडं जास्त पळायचं, असं बाबांना वाटतं. तसं केलं असतं तर मी आत्ता हे पत्र पाय उशीवर ठेवून लिहीत असते. आठवड्यातून एकच पळणं लांब असतं, तेही सर्वांत हळू. बाकीचे दिवस नेहमीचे. दोन-तीन आठवडे ते अंतर थोडं थोडं वाढवलं की एक आठवडा मुद्दाम कमी करते. दर आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये, हा नियम जो तो सांगतो. नेदरलँड्समध्ये नवख्या धावणाऱ्यांवर तो तपासला, तर त्या नियमानं चालणारे आणि त्याहून भरभर वाढवणारे, दोन्ही गटांत साधारण पाचातला एक दुखावलाच. म्हणून मी टक्क्यांपेक्षा पोटऱ्यांचं ऐकते. मागचं लांब पळणं दोन दिवसांत विसरले, तर पुढचं वाढवते. नाही तर तेवढंच ठेवते.

आणि बाबा, ४२ किलोमीटरचा विचार सध्या नाही, निश्चिंत राहा. स्नायूंत आणि यकृतात मिळून साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे शरीरानं राखून ठेवलेली साखर, साधारण तीस किलोमीटरच्या आसपास संपत येतं, आणि मग पाय उचलेनासे होतात. ते लांबवायला वाटेत खात राहायचं, पोटाला त्याची सवय लावायची, हा वेगळाच उद्योग आहे. एकवीस आहे त्या साठ्यात होतं. शिवाय मॅरेथॉनचा ४२.१९५ हा आकडा काही पवित्र नाही. १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकसाठी राजवाड्यापासून राजाच्या आसनासमोरपर्यंत आखलेला तो मार्ग, पुढे १९२१ मध्ये तोच कायम झाला. त्यासाठी मी जीव काढायला तयार नाही.

पाण्याबद्दलचा तुमचा सल्ला मात्र मी मानत नाही. "तहान लागायच्या आधीच पी" यात धोका आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉननंतर ४८८ जणांचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के जणांच्या रक्तातलं सोडियम खाली गेलेलं होतं, आणि त्याचा संबंध धावताना वजन वाढण्याइतकं पाणी पिण्याशी होता. तहान लागली की पिते, पुरेसं पिते.

आता राहिले तुम्ही स्वतः, बाबा. तुम्हाला पळायला कोणी सांगत नाही. आईबरोबर तिच्या सुरुवातीच्या पाच मिनिटांच्या चालण्याला निघा, ती पळू लागली की आपल्या चालीनं मागून या. मात्र घड्याळावरच्या नाडीच्या आकड्यावर जाऊ नका. रक्तदाबाच्या गोळ्यांत बीटा-ब्लॉकर असेल तर नाडी ती गोळीच खाली धरून ठेवते, आणि तुम्ही आकडा वाढत नाही म्हणून वेग वाढवाल. तुमच्यासाठीही बोलण्याचीच कसोटी, आणि ती तुम्हाला सोपी जाईल. दोघांनीही सुरू करायच्या आधी डॉक्टरांना भेटा. चालू गोळ्यांची चिठ्ठी बरोबर न्या आणि "आम्ही व्यायाम करणार आहोत" एवढंच मोघम न सांगता, किती मिनिटं, कसं, ते सांगा. आईसाठी हाडांच्या तपासणीचंही विचारा.

या वयात सुरू करून काय मिळणार, असं विचाराल म्हणून एक गोष्ट. स्टॅनफर्ड विद्यापीठानं १९८४ मध्ये पन्नाशीपुढच्या पळणाऱ्यांचा एक गट आणि न पळणाऱ्यांचा एक गट घेतला आणि वीसेक वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. एकोणीस वर्षांनी न पळणाऱ्यांपैकी ३४ टक्के लोक गेलेले होते, पळणाऱ्यांपैकी १५ टक्के. मला त्याहून महत्त्वाचं वाटलं ते दुसरं: कपडे घालणं, उठणं, चालणं यांत अडचण येऊ लागण्याची वेळ पळणाऱ्यांवर कितीतरी वर्षं उशिरा आली. निरोगी लोकच पळायला गेले असतील, हा तुमचा आक्षेप मला इथे बसूनही ऐकू येतो आहे, बाबा. थोडाफार खराही आहे.

पहिला आठवडा झाला की आई, मला किती अंतर झालं ते सांगू नकोस. पळताना बोलता येत होतं का, आणि दुसऱ्या दिवशी जिना कसा उतरलीस, एवढं सांग.

तुमची,
लेक

ता.क. बुटांची घाई करू नका, ते मी बघते. आई, संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, कागदावर उभी राहून दोन्ही पावलांची रेघ मारून घे आणि फोटो पाठव. दोन्ही, कारण डावं-उजवं क्वचितच सारखं असतं आणि माप मोठ्या पावलाचं घ्यायचं असतं. रेघ बाबांना मारू दे. तू वाकलीस की वजन हलतं.