लेखणी बाजूला ठेवली नव्हती

आदिवासींच्या हक्कांसाठी लढलेल्या बंगाली लेखिका महाश्वेतादेवी यांच्या जन्मशताब्दीनिमित्त रविवारच्या पुरवणीत आलेला लेख आवडला. मात्र 'चळवळीपायी त्यांनी उत्तरायुष्यात लेखणी बाजूला ठेवली' हे त्यातील विधान पटले नाही.

वडिलांचे 'वर्तिका' हे नियतकालिक त्यांनी 1980 पासून स्वतः चालवायला घेतले आणि त्याची पाने शेतमजूर, आदिवासी, रिक्षावाले यांच्यासाठी मोकळी केली. कोलकात्यातील जादवपुरात सायकलरिक्षा ओढणाऱ्या मनोरंजन ब्यापारी यांनी एकदा रिक्षात बसलेल्या बाईंना 'जिजीविषा' या शब्दाचा अर्थ विचारला. त्या बाई म्हणजे महाश्वेतादेवी. अर्थ (जगण्याची इच्छा) तर त्यांनी सांगितलाच, वर स्वतःच्या जगण्यावर लिहायलाही सांगितले. ते लेखन 'वर्तिका'त छापून आले आणि ब्यापारी पुढे नावाजलेले लेखक झाले. याला लेखणी बाजूला ठेवणे कसे म्हणायचे?

शिवाय लोकांत जाऊन ऐकायचे आणि मग लिहायचे, ही सवय चळवळीतून आलेली नव्हे. 1956 साली आलेल्या 'झाँसीर रानी' या पहिल्याच पुस्तकासाठी त्या बुंदेलखंडात हिंडल्या होत्या, तिथली लोकगीते आणि आठवणी त्यांनी टिपून आणल्या होत्या. (तांब्यांच्या मनूवरचे हे पुस्तक मराठी लेखात अनुल्लेखित राहावे, हे जरा खटकलेच.) भटक्या-विमुक्तांच्या हक्कांसाठी 1998 मध्ये गणेश देवी आणि 'उचल्या'कार लक्ष्मण गायकवाड यांच्यासह त्यांनी संघटना उभारली, तीही याच वाटेवर.

– एक वाचक, मिरज