फिल्म घेताना आधी नाशिकचं ऊन बघा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत रोलवाल्या कॅमेऱ्याचं वेड परत आलंय यावर लेख होता, वाचून खरंच आनंद झाला. पण त्यात नवीन पोरांना एकदम पोर्ट्रा ४०० आणि सिनेस्टिल या रंगीत फिल्म घ्या (नावातला आकडा म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील ते) असं सांगितलंय ते मला काही पटलं नाही, म्हणून हे पत्र. मी बारा-तेरा वर्षं रोलवरच फोटो काढतोय, बहुतेक सगळे पंचवटी आणि गोदाघाटावरचे, त्यामुळे जे लिहितोय ते माझ्या अनुभवातनं.

पोर्ट्रा चांगलीच फिल्म आहे, चेहऱ्याचा रंग तिच्यासारखा कोणी देत नाही आणि एक-दोन स्टॉप जास्त प्रकाश गेला (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट) तरी सांभाळून घेते. पण एका रोलला हजाराच्या पुढे मोजायचे, वर डेव्हलपिंग-स्कॅनिंगचे वेगळे, मग छत्तीस फोटोंत नवीन माणूस बटण दाबायलाच घाबरतो आणि घाबरत घाबरत कोणी शिकत नाही. एक्टार १०० या रंगीत फिल्मचे रंग गडद आणि ग्रेन, म्हणजे फोटोतले दाणे, एकदम बारीक, गंगापूर धरणावर पावसाळ्यात मस्त, पण आपल्याकडच्या सावळ्या चेहऱ्यांना ती लालसर करते, मी घरातल्या साखरपुड्याला वापरून पस्तावलोय. सिनेस्टिल ८००टी म्हणजे मुळात कोडॅकची सिनेमाची फिल्म, तिच्या पाठीवरचा काळा थर आधीच काढलेला असतो म्हणून दिव्यांभोवती ते लाल वलय येतं, रील्समध्ये सगळ्यांना तेच हवं असतं. पण ती पिवळ्या बल्बच्या उजेडासाठी बनवलेली आहे, आपल्या रस्त्यांवर आता जिकडे तिकडे पांढरे एलईडी, त्यात तिचे फोटो निळे पडतात. रामकुंडावरच्या संध्याकाळच्या दिव्यांना तो निळा रंग अजिबात शोभत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

माझं म्हणणं, सुरुवात एचपी५ नं करा, तेवढेही पैसे नसतील तर फोमापान किंवा केंटमेअर घ्या, पण ब्लॅक अँड व्हाइटच घ्या. त्याला कारण आपलं ऊन. दुपारी बारा वाजता काळारामासमोर उभं राहून बघा, मंदिर सगळं काळ्या दगडाचं, समोर पांढरं धोतर नेसलेले आजोबा, खाली तापलेली चकाकणारी फरशी. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर काळ्या दगडाला राखाडी समजतो आणि प्रकाश जास्त देतो, तिथे वेल्व्हियासारखी स्लाइड फिल्म (जिच्यावर निगेटिव्हऐवजी थेट खरं चित्र उमटतं) असेल तर अर्ध्या स्टॉपच्या चुकीत धोतर नुसता पांढरा डाग होऊन जातं. एचपी५ वर त्याच धोतराची चुणी न् चुणी येते आणि दगडावरचं कोरीवकामही दिसतं. गाभाऱ्याबाहेरच्या अंधारात किंवा जुन्या वाड्यात तीच फिल्म १६०० ला ढकलायची, म्हणजे ४०० ची असली तरी १६०० ची धरून फोटो काढायचे आणि जास्त वेळ धुवायची, ग्रेन वाढतो पण चेहरा जिवंत राहतो.

आणि ही फिल्म घरी धुता येते हो! आयडी-११ या फिल्म धुण्याच्या रसायनात वीस अंशाला साडेसात मिनिटं, बस. फक्त आपल्याकडे एप्रिलमध्ये टाकीतलं पाणी तिशीच्या वर जातं, त्यात टाकलीत तर निगेटिव्ह भडक होणार. मी माठातलं पाणी घेतो, बाटल्या बर्फाच्या बादलीत ठेवतो आणि वीसवर आल्याशिवाय हात लावत नाही.

रंगपंचमीला मात्र रंगीतच पाहिजे. शनी चौकातली रहाड (रंगीत पाण्याचा हौद) ब्लॅक अँड व्हाइटवर काढण्यात काय अर्थ? त्याला गोल्ड २०० पुरे, तिचा तो पिवळसर उबदारपणा आपल्या मार्चच्या उन्हात छान मिसळतो.

एक गोष्ट तुमच्या लेखात राहून गेली, निगेटिव्ह परत मागा. मागे शहरातल्याच एका लॅबनं मला फक्त स्कॅन पाठवले आणि निगेटिव्ह फेकून दिल्या, विचारलं तर म्हणाले आता कोण घेतं. तीन रोल गेले माझे. उलट माझ्या मामानं १९९१ च्या सिंहस्थात उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सच्या इंदू रोलवर काढलेल्या निगेटिव्ह बिस्किटाच्या डब्यात होत्या, तो कारखाना कधीच बंद पडला, पण मागच्या दिवाळीत मी त्या उजेडासमोर धरल्या तर घाटावरची गर्दी, पायऱ्यांवर वाळत घातलेली लुगडी, एका बाईच्या हातातला पितळी तांब्या, सगळं लख्ख. २००३ च्या सिंहस्थातले काही लोकांचे डिजिटल फोटो मी मागितले तर ते कुठल्या सीडीत होते तेच कोणाला सापडेना.

आता २०२७ चा सिंहस्थ आलाच आहे. तुमच्या पेपरातनं एक आवाहन करा ना, की ज्यांच्या घरी जुन्या सिंहस्थाच्या निगेटिव्ह आहेत त्यांनी त्या रद्दीत देऊ नयेत, कोरड्या जागी ठेवाव्यात आणि शक्य असेल तर तुमच्याकडे स्कॅनला द्याव्यात. मामाचा डबा मी सगळ्यात आधी घेऊन येतो.

आपला,
एक नियमित वाचक, पंचवटी, नाशिक